खराटा गाडीचं दार

फिलिबेर एस्पारोंच्या पिकअपच्या मागच्या फळीला वर्षातले पाच-सहा रविवार नारळाच्या हिरांचा खराटा उभा बांधलेला असतो. सायकलच्या शर्यतीत सगळ्यात मागून जी गाडी चालते आणि दमलेल्यांना, पडलेल्यांना, कंटाळलेल्यांना उचलून घेते, ती ही गाडी. आमच्या बेटावर तिला खराटाच म्हणतात, आणि अमका खराट्यात बसला म्हटलं की त्याने शर्यत सोडली हे सगळ्यांना कळतं. एरवी याच गाडीतून फिलिबेर आन्स रोयाल गावच्या कोळ्यांना बर्फ पोचवतो. त्यामुळे तिचा माशांचा वास कधी जात नाही, आणि शर्यतीच्या दिवशीसुद्धा मागे एखादी बर्फाची पेटी असतेच.

मी आमच्या सायकलिंग फेडरेशनचा सचिव. फेडरेशन म्हटल्यावर कुणी डोळ्यांपुढे इमारत आणू नये. अध्यक्ष, मी, खजिनदार, दोन पंच आणि एक खोली, जिची किल्ली नेहमी अध्यक्षांच्या बायकोच्या पर्समध्ये असते आणि बायको नेहमी प्रालँ बेटावर बहिणीकडे असते. देशातले सगळे शर्यतवाले सायकलस्वार एका लग्नाच्या पंगतीत बसतील, आणि बसतातही, कारण निम्मे एकमेकांचे चुलत-मावस आहेत. मी बंदरातल्या कस्टममधून निवृत्त झालो तेव्हा वाटलं होतं, आता निवांत मासे धरीन. त्याऐवजी दर रविवारी पंचांची भांडणं सोडवतो.

फिलिबेर आमच्यात आला तो मुलीमुळे. नादेज लहान असताना भावाची सायकल घेऊन शर्यतीत उतरली. बापाचा आपल्या बसवाल्यांवर काडीचा विश्वास नव्हता. बर्फाची गाडी घेऊन तो तिच्या मागून हळूहळू येऊ लागला. दोन-तीन शर्यती मी ते बघितलं आणि म्हटलं, नाहीतरी मागून येतोसच, तर खराटा बांध. त्याने बांधला. त्या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. नादेज पुढे गेली आणि तो मात्र मागे राहिला, कारण मागे राहणं त्याला आवडायला लागलं होतं.

त्याची एक पद्धत होती. रस्त्याकडेला कुणी सायकलवरून उतरलेला दिसला की तो गाडी थांबवायचा, स्वतः उतरून दार उघडायचा, सायकल उचलून मागे ठेवायचा आणि मग त्या माणसाच्या हातात वाडगा द्यायचा. त्याची बायको ज्योस्लिन पहाटे उठून भलंमोठं पातेलं भरून लाडोब करते. पिकलेली केळी नारळाच्या दुधात शिजवायची, वर जायफळ. शिवाय नीरफणसाच्या तळलेल्या फोडी आणि तिखटमीठ लावलेली कैरी. का उतरलास, काय झालं, असं फिलिबेरने कधी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही. मी विचारतो. माझा स्वभावच तसा आहे.

पातेल्याचा सुगंध कात्र बोर्नच्या चढावर पोचायचा आणि चांगले धडधाकट गडी तिथे पाय दुखतात म्हणून उतरायचे. अध्यक्ष एकदा वैतागले.

"फिलिबेर, हा खराटा आहे की खानावळ?"

"रिकाम्या पोटी हरलं की जास्त लागतं, अध्यक्ष," तो म्हणाला. "भरल्या पोटी माणूस पुढच्या खेपेला परत येतो."

"पुढच्या खेपेला परत केळी खायला येतो."

"येतो ना पण."

अध्यक्षांनीही वाडगा पुढे केला.

आता नियमाचं सांगतो, कारण तो मीच लिहिला. आमच्याकडे बायका शर्यतीत येतात थोड्या. एका वर्षी राष्ट्रीय अजिंक्यपदाला दोघीच पोचल्या, तर दुसरीच्या गळ्यात रौप्यपदक, आणि गावभर हसू झालं. तेव्हा ठरवलं की निदान पाच जणींनी रेषा ओलांडली तरच अजिंक्यपद द्यायचं, नाहीतर त्या वर्षी कुणालाच नाही. आणि दर चार वर्षांनी आपल्या समुद्रातल्या बेटांचे जे खेळ होतात, त्यांना बायकांमधून जायचं ते एकच नाव, त्या वर्षीच्या अजिंक्य बाईचं. नियम चांगलाच होता. सगळ्या क्लबांनी हात वर केले होते.

मागच्या खेळांच्या वर्षी नादेज पहिली आली. मागे आणखी तिघी आल्या. पाचवी होती दोरीन, हॉटेलच्या धोबीखान्यात काम करणारी, चाळिशीची, हसरी बाई. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली आणि आमच्या क्लबात मैत्रिणी मिळाल्या म्हणून ती टिकली. अजिंक्यपदाची शर्यत तिने कधी पूर्ण केली नव्हती. त्या दिवशीही ती नेहमीसारखी कात्र बोर्नला उतरली, फिलिबेरने नेहमीसारखं दार उघडलं आणि तिने नेहमीसारखा वाडगा घेतला. पाचाचा नियम दोघांच्याही डोक्यात नव्हता. अंतिम रेषेशी गाडी आली, दोरीन ओठ पुसत उतरली, आणि नादेजने सगळ्यांसमोर तिला म्हटलं, "केळ्यांपायी माझी चार वर्षं खाल्लीस तू."

मग बापाकडे वळून म्हणाली, "आणि ती वाढलीस तू."

दोरीन हसली, कारण अडचणीत तिला हसण्यापलीकडे काही सुचत नाही. फिलिबेरने मान खाली घालून फळीला बांधलेला खराटा सोडला. नादेज बरेच दिवस त्याच्याशी बोलली नाही. टूना माशांच्या कारखान्यात रात्रपाळी करून दिवसा सायकल मारणारी पोर ती, तिचा राग मी समजू शकतो. दोरीन मात्र त्यानंतर बदलली. कामावर जायच्या आधी, उजाडता उजाडता ती मला रस्त्यावर दिसू लागली. एकटीच, तोंडाने काहीतरी पुटपुटत चढ चढायची. मी विचारलं, "दोरीन, कुठे निघालीस एवढ्या सकाळी?" तर म्हणाली, "पाचव्या नंबरावर."

ही चार वर्षं अशी गेली, आणि परत खेळांचं वर्ष आलं. नादेज एकोणतीस वर्षांची झाली होती. त्यापुढे चार वर्षं थांबणार नाही, हे तिने घरात सांगून टाकलं होतं. शर्यतीच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "गास्तोंकाका, पापाला सांगा, उद्या दार वेल्ड करून ये म्हणावं." हसत म्हणाली, पण ती हसत नव्हती हे मला दिसत होतं. मी फिलिबेरला सांगितलं. तो म्हणाला, "ज्योस्लिनला पातेलं चढवू नको म्हटलंय." एवढ्या वर्षांत असं पहिल्यांदाच होत होतं.

एप्रिल महिना. वारा पडलेला, समुद्र तेल ओतल्यासारखा गुळगुळीत. शर्यत सकाळी गार वेळेला सोडायची होती. पण पाद्रीबाबांनी निरोप पाठवला की मिस्सा सुटल्यावर सोडा, चर्चपुढे गाड्या आहेत आणि म्हातारी माणसं रस्ता ओलांडतात. पाद्रीबाबांना नाही कोण म्हणणार? पंचांनीसुद्धा टोप्या काढल्या आणि आत जाऊन बसले. मिस्सा सुटली, लोकांनी एकमेकांची चौकशी केली, मग अध्यक्ष बोलले, आणि सुटायला ऊन चांगलं डोक्यावर आलं.

सात जणी सुटल्या. आन्स रोयालहून किनाऱ्याने ताकामाका, तिथून कात्र बोर्नचा चढ, पलीकडच्या अंगाने बे लाझार, आणि ले कानेलचा डोंगर ओलांडून परत आन्स रोयाल. अशा तीन फेऱ्या. फेडरेशनची मोटार नेमकी त्याच दिवशी गॅरेजात गेली होती, म्हणून मी फिलिबेरशेजारी खराट्यात बसलो.

पहिल्या फेरीत एक पोरगी वाळूवरून घसरली, गुडघा फुटला. दुसऱ्या फेरीत दुसरीची साखळी तुटली. दोघींनाही गाडीत घ्यावं लागलं नाही. आमच्याकडे कुठेही पडलं तरी समोर मावशीचं घर असतं. राहिल्या पाच. तिसरी फेरी सुरू झाली तेव्हा नादेज एकटी पुढे निघून गेली होती, मध्ये तिघी, आणि आमच्या गाडीपुढे दोरीन.

अध्यक्षांचा फोन आला. "पाच आहेत ना?"

"आहेत."

"ठेवा."

म्हणजे काय, आम्ही काय तिला दोरीने ओढणार होतो? पण मी हो म्हटलं.

कात्र बोर्नच्या चढावर दोरीन गाडीशेजारी आली. तोंड लाल, ओठ सुकलेले. रिकामी बाटली तिने खिडकीतून आत टाकली. फिलिबेरने पाणी भरून दिली. खराट्याने पाणी द्यायचं नसतं, पण मी तेवढ्यात दुसऱ्या खिडकीतून केळीची झाडं बघत होतो.

"तोंतों, आज वास येत नाही," ती म्हणाली. वयाने मोठ्या माणसाला आमच्याकडे तोंतोंच म्हणतात.

"पातेलं नाही आज."

"बरं केलंत. नाहीतर माझ्याच्याने राहवलं नसतं."

तिने तो चढ पार केला. शेवटच्या फेरीत ती तिथून पुढे कधीच गेली नव्हती, आणि वर पोचल्यावर तिने मागे वळून आमच्याकडे बघितलं. फिलिबेरने हॉर्न वाजवला. बे लाझारच्या उतारावर मी त्याला म्हटलं, "फिलिबेर, होतंय बरं का." तो तिच्या पाठीकडे बघत होता.

ले कानेलचा डोंगर तिने निम्मा सायकलवर आणि निम्मा ढकलत पार केला. नियमात ते बसतं, सायकल हातात असली की झालं. डोंगरावर फोन आला की नादेज पोचली, पहिली, वाजतगाजत. मग दुसरी. मग तिसरी आणि चौथी एकदमच. आता सगळे आमच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते.

डोंगर उतरून आम्ही किनाऱ्याच्या रस्त्याला लागलो, आणि समोर सगळं दिसायला लागलं. कमान, चर्च, माणसं, आणि रस्त्याच्या मधोमध पिवळ्या जर्सीत नादेज. सपाट रस्ता. एखाद्याने हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच अंतर.

दोरीन वाकडीतिकडी चालली होती. एकदा डावीकडच्या भिंतीला लागता लागता वाचली. फिलिबेरने गाडी तिच्या बरोबरीला घेतली.

"दोरीन."

तिने आमच्याकडे बघितलं, पण आम्हाला बघितलं नाही. मघाशी घामाने निथळत होती, आता तिचं अंग कोरडं ठणठणीत होतं. "चादरी आत घेतल्या का?" ती म्हणाली. "पाऊस येतोय. दोन मजल्यांच्या चादरी आहेत."

आकाशात ढगाचा ठिपका नव्हता.

"फिलिबेर," मी म्हटलं, "समोर तर आहे. चालत गेली तरी पुरे. मी उतरून तिच्या बाजूने चालतो."

"हात लावलास तर बाद."

"हात नाही लावत. नुसता चालतो."

"आणि पडली तर?"

"तर मग बघू."

त्याने माझ्याकडे एकदा बघितलं. रागाने नाही. एखाद्याने परक्या भाषेत काही विचारावं तसं बघितलं. मग गाडी तिच्यापुढे आडवी घातली आणि उतरला.

मी त्याच्या मागोमाग उतरलो, खरं सांगायचं तर अजूनही अडवायला. दोरीनने सायकल थांबवली नाही, ती गाडीवर येऊन टेकली. फिलिबेरने तिला धरलं. आणि इतक्या वर्षांत त्या गाडीत बसायला एका पायावर तयार असणारी दोरीन हँडल सोडेना.

"नाही, तोंतों. नाही. नादेज मारेल मला."

"सोड, पोरी."

"पाचवी मी. मी पाचवी आहे. उघडू नका दार."

तिने त्याच्या मनगटाला दात लावले. त्याने तिचं एक एक बोट हँडलवरून सोडवलं. लहान मुलाच्या हातातून सुरी काढून घेतात तितक्या सावकाश. मग तिला उचलून मागे बर्फाच्या पेटीशेजारी निजवली, आणि मला म्हणाला, "फोड बर्फ." मी फोडला. काखेत, मानेखाली, जांघेत आम्ही बर्फ भरला. ती शेवटपर्यंत म्हणत होती, पाचवी, पाचवी. मग म्हणायची थांबली, आणि तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

तिची सायकल तिथेच रस्त्यात राहिली. फिलिबेर कमानीखालून गाडी भरधाव नेत होता, तोच नादेज समोर आली. थांबणं भागच होतं. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांना एक ते पाच मोजता येतं.

नादेजने मागे वाकून बघितलं. "जिवंत आहे?"

"आहे," मी म्हटलं.

तिने चाकावर पाय ठेवला आणि वर चढली. दोरीनचं डोकं मांडीवर घेऊन बसली, बर्फाचं पाणी तिच्या कपाळावर सोडत. आन्स रोयालचं इस्पितळ तिथून जवळच आहे.

इस्पितळात दोरीनला आत नेलं. आम्ही तिघे व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. नादेजच्या पायात अजून शर्यतीचे बूट होते, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सा तिच्याकडे बघत होत्या. फिलिबेरच्या मनगटावर दातांचे वळ उठले होते. बराच वेळ गेला. मग डॉक्टर बाहेर आली आणि म्हणाली, शुद्धीवर आली आहे, बोलते आहे, पण मूत्रपिंडांवर ताण पडलाय, काही दिवस ठेवावं लागेल. "चादरींचं काहीतरी विचारते," डॉक्टर म्हणाली. "घेतल्या म्हणावं आत," फिलिबेर म्हणाला.

डॉक्टर गेली. मला अध्यक्षांना कळवायचं होतं, पण उठवेना. आपण लिहिलेला नियम आपल्याच शेजारी घामेजलेल्या जर्सीत येऊन बसला, की माणसाने काय करावं? मी टोपीशी चाळा करत राहिलो.

"पापा," नादेज म्हणाली.

"हं."

"मी तिथून बघत होते. तू गाडी आडवी घातलीस ते दिसलं मला."

"हं."

"मी ओरडत होते." तिचा आवाज फाटला. "थांबू नकोस म्हणून. सोड तिला, पडू दे, सरपटत येऊ दे, पण येऊ दे, असं ओरडत होते मी. सगळ्यांसमोर. मला काय माहीत तिला काय झालंय ते. पण माहीत असतं तरी ओरडले असते की काय, असं वाटतंय मला आता." ती त्याच्याकडे वळली. "तू ऐकलंस का?"

"नाही गं," फिलिबेर म्हणाला. "इंजिनाचा आवाज केवढा असतो या गाडीला."

"खरंच?"

"खरंच. काही ऐकू नाही आलं."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. खेळांसाठी, आणि बाकी सगळ्यासाठी. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत समोरच्या भिंतीकडे बघत राहिला.

रस्त्यात गाडी आडवी घातल्याबरोबर त्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं होतं, आणि तिचा शब्द न शब्द आम्हा दोघांना ऐकू आला होता.